नेटवरच्या उडीसाठी क्लीन आणि स्नॅच: २० आठवड्यांच्या नोंदी

५ जानेवारी

मी व्हॉलीबॉल खेळते, मिडल ब्लॉकर म्हणून, म्हणजे नेटच्या मधोमध उडी मारून समोरचे फटके अडवणारी. वय २३, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. टाचा न उचलता हात वर केला की बोटं २.२२ मीटरला पोहोचतात. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं. नेटची वरची पट्टी बोटांना जवळजवळ लागते, पण ब्लॉकला तेवढ्याने काही होत नाही. मनगटं पलीकडे जायला हवीत, आणि तीही पाचव्या सेटमध्ये, पाय भरून आलेले असताना. मागच्या मोसमात पाचव्या सेटला माझ्या बोटांवरून गेलेले चेंडू मला एकेक आठवतात.

काम ठरवलंय ते असं: मे संपेपर्यंत जागेवरून मारलेली उडी ५ सेंटिमीटरने वाढवायची. क्लीन (बार जमिनीवरून खांद्यांवर), स्नॅच (जमिनीवरून थेट डोक्यावर) आणि फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांवर पुढे ठेवून बैठका), आठवड्यातून तीन दिवस. उरलेले तीन दिवस व्हॉलीबॉलचा सराव असतो, तो बंद करायचा नाही. आजवर दोन वर्षं अधूनमधून बॅक स्क्वॉट केलेत. क्लीन-स्नॅचसारखी ऑलिंपिक लिफ्ट एकही येत नाही. शिकवायला एक ताई मिळाल्यात, दहा वर्षं वेटलिफ्टिंग केलेल्या. त्या फक्त रविवारी येऊ शकतात. बाकी दिवस मी आणि फोनचा कॅमेरा.

ज्यांना प्रशिक्षक रोज मिळत नाही त्यांना उपयोग होईल म्हणून चुका सविस्तर लिहिणार आहे.

८ जानेवारी

मोजणी. फोन जमिनीवर ठेवून सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन लावलं, हात कमरेवर, जागेवरून उडी. पायाची बोटं जमीन सोडतात ती फ्रेम आणि पुन्हा टेकतात ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजायच्या. हवेतला वेळ सेकंदांत काढून त्याचा वर्ग करायचा आणि १२२.६ ने गुणायचं, की सेंटिमीटरमध्ये उंची मिळते.

१४१ फ्रेम आल्या, म्हणजे ४२.३ सेंटिमीटर. फारच खूश झाले.

१० जानेवारी

परवाचा आकडा खोटा होता. व्हिडिओ पुन्हा पाहिला तर मी गुडघे वाकवून उतरत होते. गुडघे वाकले की पाय उशिरा टेकतात, हवेतला वेळ फुगतो आणि उडी कागदावरच वाढते. ज्या स्थितीत जमीन सोडली त्याच स्थितीत, पाय ताठ आणि चवडे खाली, असं उतरायला हवं. टेकल्यावर मग गुडघे वाकवा.

नीट उतरून पुन्हा केलं. तीन उड्या, त्यातली मधली धरायची: १३३ फ्रेम, ३७.७ सेंटिमीटर. हाच सुरुवातीचा आकडा. एका फ्रेमची चूक झाली तर साधारण अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे एका फ्रेमच्या फरकावर आनंद किंवा दुःख करायचं नाही असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

धावत येऊन भिंतीवर खडूच्या बोटांनी शिवले ती उंची २.६८ मीटर.

११ जानेवारी

सराव सामना पाच सेट चालला. संपल्या संपल्या बाजूला जाऊन तीच चाचणी घेतली: १२६ फ्रेम, ३३.८. ताज्या पायांपेक्षा जवळजवळ ४ सेंटिमीटर कमी. माझ्या दृष्टीने खरा आकडा हा. चेंडू निसटतात ते इथेच.

१२ जानेवारी

प्लॅटफॉर्म बनवायला घेतला. प्लायवूडचे २.४४ बाय १.२२ मीटरचे पाच तक्ते, १८ मिलिमीटर जाडीचे. खालचा थर दोन तक्त्यांचा, मधला थर त्यावर आडवा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. सर्वांत वर मधोमध एक तक्ता उभं राहण्यासाठी आणि दोन्ही बाजूंना प्लेट पडायला रबर. स्पर्धेचा प्लॅटफॉर्म ४ बाय ४ मीटरचा असतो, तेवढी जागा माझ्याकडे नाही. सरावाला २.४४ चा चौरस पुरतो.

चूक: रबर २० मिलिमीटरचं आणलं. प्लायवूड १८ चं. दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरची कड उभी राहिली. दोन मिलिमीटरने काय होतंय असं मला वाटलं होतं.

१९ जानेवारी

होतं. पाय रुंद पडला की बुटाची कड त्या काठावर चढते आणि घोटा आत वळतो. शुक्रवारी दोनदा वळता वळता राहिला. आज वरचा तक्ता उखडून त्याखाली २ मिलिमीटरचा पातळ पत्रा घातला आणि पुन्हा स्क्रू मारले. दोन रविवार यात गेले. त्यातल्या दुसऱ्या रविवारी ताई शिकवायला आल्या आणि हातात ड्रिल घेऊन बसल्या. रबर विकत घ्यायच्या आधी प्लायवूडची जाडी मोजा आणि तेवढंच आणा.

मधला तक्ता १२२ सेंटिमीटरचा आहे, बारवर प्लेटची आतली बाजू एकमेकींपासून १३१ सेंटिमीटरवर बसते. म्हणजे बार सरळ पडला तर प्रत्येक बाजूला फक्त साडेचार सेंटिमीटर मोकळे. वाकडा पडला की प्लेट लाकडावर. अंतर कमी वाटलं तरी त्याचा एक फायदा दिसला. लाकडावर खूण उठली की कळतं, आपण बाजूला सरकतोय.

२२ जानेवारी

बार बदलला. जिममधून जुना २० किलोचा घेतला होता, २८ मिलिमीटर जाडीचा. हूक ग्रिपमध्ये अंगठा बारला लावून त्यावर पहिली दोन बोटं दाबायची असतात. माझी बोटं अंगठ्याच्या नखापर्यंत कशीबशी पोहोचत होती. तीन सत्रं मी "सवय होईल" म्हणत काढली, अंगठ्याची कातडी सोलली, आणि ओढताना बार बोटांत फिरत राहिला. ताईंनी एकदा हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हा पुरुषांचा बार आहे. पंधराचा आण, पंचवीस मिलिमीटरचा. महिलांचा बार वेगळा आहे तो उगाच नाही." सिडनीला २००० साली महिलांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा ताई शाळेत होत्या. त्यांना सुरुवातीला पुरुषांचाच बार मिळाला होता. अंगठ्यावरची जुनी खूण त्यांनी दाखवली.

नव्या बारवर पहिल्याच दिवशी पकड बसली. अंगठ्याला ताणली जाणारी कापडी टेप. चिकटपट्टी नको, ती घसरते. दुखणं साधारण दोन आठवडे राहतं, मग जातं.

२७ जानेवारी

चौथा आठवडा सुरू, आणि मी अजून रिकामा बार आणि अडीच किलोच्या छोट्या लोखंडी प्लेट एवढ्यावरच आहे. कॅमेऱ्यात दिसायचं, जमिनीवरून उचलताना पाठ कमानीसारखी बाहेर. दहा दिवस मी पाठीचाच दोष समजत होते. मांडीच्या मागचे स्नायू ताणत बसले.

दोष पाठीचा नव्हता. ४५ सेंटिमीटर व्यासाची मोठी प्लेट लावली की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. छोट्या प्लेटवर तो त्याच्या निम्म्या उंचीवर येतो. तितकं खाली जाऊन कुणाचीही पाठ सरळ राहणं कठीण. प्लॅटफॉर्मच्या उरलेल्या प्लायवूडचे तुकडे एकावर एक लावून दोन ठोकळे केले आणि छोट्या प्लेट त्यावर ठेवल्या. पाठ त्याच दिवशी सरळ झाली. हे आधी सुचलं असतं तर दहा दिवस वाचले असते.

२ फेब्रुवारी

ताईंनी जमिनीवरून उचलणं बंद करायला लावलं. आता वरून खाली शिकायचं: आधी बार मांडीच्या वरच्या भागापासून, मग गुडघ्याच्या वरून, शेवटी जमिनीवरून. मला घाई होती म्हणून मी उलटं केलं होतं. खेळाडूला उडीसाठी लागतो तो भाग मांडीपासून वरचाच, घोटा-गुडघा-कंबर एकदम उघडण्याचा. तो आधी यायला हवा.

माझ्या चुका त्यांनी क्रमाने सांगितल्या. हात लवकर वाकतात. बार मांडीवर आपटून पुढे उडतो. शेवटी मी पुढे उडी मारते. मान वर.

यातली फक्त एक घ्या म्हणाल्या, बाकीच्या तीन तिच्यामुळे होतात. हात. "हात म्हणजे दोरी. दोरी कधी ओढते का? दोरीला बांधलेला बैल ओढतो."

७ फेब्रुवारी

हात सरळ ठेवायचा प्रयत्न केला तर कोपरं ताठ आवळली जाऊ लागली आणि सगळं अंग आखडलं. कोपराकडे लक्ष दिलं की कोपर बिघडतं. खांदे उचलायचे आणि बार आपोआप अंगाजवळून वर जाऊ द्यायचा, एवढाच विचार ठेवल्यावर २० पैकी ११ बऱ्या झाल्या. वहीत बऱ्या आणि वाईट अशा दोन रांगा पाडल्यात.

१० फेब्रुवारी

फ्रंट स्क्वॉट ५० किलो, ३ रेपचे ४ सेट (रेप म्हणजे एकदा पूर्ण करणं). मनगटं दुखतात. बार मुठीत पकडायचा हट्ट सोडला. तो खांद्याच्या पुढच्या खळग्यात बसतो, बोटं नुसती खाली असतात, दोन बोटं राहिली तरी चालतात. कोपरं वर. गळ्याच्या हाडावर निळा डाग आहे, तो बार योग्य जागी आल्याचा पुरावा नाही. उलट बार आपटतोय. बार पडायची वाट न बघता त्याला जाऊन भेटायचं, हे मला अजून जमत नाही.

१४ फेब्रुवारी

बूट. आजपर्यंत धावायच्या बुटांवर करत होते. मऊ तळव्यात पाय बुडतो आणि प्रत्येक रेप वेगळी उतरते. वेटलिफ्टिंगचे घेतले, टाच साधारण २ सेंटिमीटर उंच, तळवा कडक. फ्रंट स्क्वॉटमध्ये धड लगेच उभं राहिलं. ठरवलेला सगळा खर्च इथे संपला, आणि हाताला न बसलेला जुना बार आणि चुकीचं रबर यांत त्यातला बराच वाया गेलेला. पुन्हा सुरुवात केली तर क्रम असा ठेवेन: बूट, योग्य बार, दहा किलोच्या दोन मोठ्या प्लेट, मग प्लॅटफॉर्म. पहिले दोन महिने बार डोक्यावरून टाकायची वेळच येत नाही.

२१ फेब्रुवारी

पॉवर क्लीन (पूर्ण खाली न बसता झेललेलं क्लीन) ४५ किलो. खूप छान वाटलं.

२८ फेब्रुवारी

पॉवर क्लीन ५०.

७ मार्च

पॉवर क्लीन ५२.५. संघातल्या मुली बघायला आल्या होत्या, टाळ्या वाजल्या. दर आठवड्याला वजन वाढतंय.

९ मार्च

उडी: १३१ फ्रेम. ३६.५ सेंटिमीटर.

नऊ आठवडे झाले आणि मी सुरुवातीपेक्षा खाली आहे. दोन फ्रेम म्हणजे मोजण्यातली चूक असू शकते, पण वर गेलेली नाही हे नक्की. वर उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली जिना उतरताना दुखतंय.

ताईंना ७ तारखेचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी टाळ्यांचा आवाज बंद केला आणि फ्रेम एकेक पुढे नेली. मोठी प्लेट ४५ सेंटिमीटरची आहे, तीच मोजपट्टी. बार मांडीच्या मध्यावर आल्यापासून एक प्लेटभर वर जायला किती फ्रेम लागतात ते मोजलं.

४२.५ किलोला: ६० फ्रेम.
५२.५ किलोला: ७४ फ्रेम.

म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १.८ मीटरवरून १.४६ वर. शिवाय ५२.५ ला पाय पकडताना इतके रुंद पडले की जवळजवळ रबरावर गेले, हात वाकलेले, कंबर अर्धवट उघडलेली. बार मी वर पाठवलाच नव्हता. स्वतः फाकून त्याच्या खाली गेले होते. वजन वाढलं ते या युक्तीने. पायांची ताकद आणि वेग होता तिथेच होता.

मला रडू आलं हे लिहून ठेवते. तीन आठवडे जे मिळवलं असं वाटलं ते मिळवलं नव्हतं.

१० मार्च

नवे नियम. ताईंनी सांगितले, मी खडूने भिंतीवर लिहिले.

प्लॅटफॉर्मवर खडूच्या दोन जोड्या रेघा. आतल्या रेघांवर उभं राहायचं, बाहेरच्या म्हणजे स्क्वॉटच्या रुंदीच्या. उतरताना पाय बाहेरच्या रेघेपलीकडे गेला तर रेप धरायची नाही. अशा दोन झाल्या की त्या दिवशीचं क्लीन संपलं.

दर सेटची शेवटची रेप मोजायची. ६६ फ्रेमच्या वर गेली तर वजन उतरवायचं.

एका सेटमध्ये ३ च्या वर रेप नाहीत, दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. विश्रांतीत मला चुळबूळ होते, काम केल्यासारखं वाटत नाही. तरीही बसायचं.

आणि ताकद क्लीनमध्ये शोधायची नाही. ताकद फ्रंट स्क्वॉटमध्ये आणि क्लीन पुलमध्ये (बार खांद्यावर न झेलता नुसता वर ओढणं). क्लीन वेगासाठी.

१४ मार्च

गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले. आठवड्याच्या उड्या मोजायला लावल्या. सराव, सामना, बॉक्स जंप (खोक्यावर चढायच्या उड्या), आणि क्लीनमधल्या उतरण्या धरून ७०० च्या वर गेल्या. मी बारचं वजन किलोकिलोने लिहीत होते आणि उड्या कधी मोजल्याच नव्हत्या. बॉक्स जंप पूर्ण बंद. सरावातल्या स्पाइक उड्या निम्म्या, संघाच्या सरांशी बोलून. सर आधी नाराज झाले. मोजलेला आकडा दाखवल्यावर म्हणाले, "एवढ्या? मग बाकीच्या मुलींच्याही मोजायला हव्यात."

व्यायाम एकच दिला: पाय लांब करायच्या मशीनवर गुडघा अर्धवट वाकलेल्या कोनात धरून ठेवायचा, ४५ सेकंद, पाच वेळा, जड वजनावर. हलवायचं नाही, नुसतं धरायचं.

१७ ते २३ मार्च

हलका आठवडा. वजनं तशीच, सेट निम्मे. फ्रंट स्क्वॉट ५५ चे २ सेट, क्लीन ३५ चे ४ सेट. जेवण आणि झोप याखेरीज काही सांगण्यासारखं नाही.

२३ मार्चला उडी: १३७ फ्रेम, ३९.९.

हा आठवडा मी आठव्या आठवड्यातच घ्यायला हवा होता. थकवा इतका साठला होता की त्याखाली काय आहे ते दिसतच नव्हतं. ९ मार्चचा आकडा थोडा वाईट तंत्राचा आणि थोडा थकलेल्या पायांचा होता, नेमकं किती कशाचं ते आता वेगळं काढता येणार नाही. पुढे दर चौथा आठवडा हलका, वहीत आधीच लाल रेघ मारून ठेवली.

३० मार्च

स्नॅच सुरू. रुंद पकड, बार थेट डोक्यावर. क्लीनमध्ये हात वाकवून वेळ मारून नेता येते, स्नॅचमध्ये नाही. बार अंगापासून लांब गेला की संपलं. ताईंनी पहिलं शिकवलं ते सोडणं. बार मागे जातोय असं वाटलं की हात सरळ ठेवून सोडायचा आणि आपण पुढे पाऊल टाकायचं. पुढे पडतोय तर ढकलून मागे सरकायचं. २० किलोवर मुद्दाम दहा वेळा सोडायला लावला. तेवढं केल्यावर भीती कमी झाली, आणि भीती कमी झाल्यावरच मी बारच्या खाली जायला लागले.

४ एप्रिल

५ किलोच्या मोठ्या रबरी प्लेट घेतल्या होत्या, म्हणजे २५ किलोला बार बरोबर उंचीवर येतो आणि ठोकळे लागत नाहीत. आज त्यातली एक वाकली. त्या इतक्या पातळ असतात की बारवर एकट्या असताना डोक्यावरून टाकायच्या नसतात. दहाच्या प्लेटसोबत असल्या की मार वाटला जातो. सरळ केली, पण आता बार फिरताना लटपटते. २५ किलोचा स्नॅच हाताने खाली आणायचा, टाकायचा नाही. हे प्लेट घेताना कुणी सांगत नाही.

११ एप्रिल

क्लीन ४५, शेवटची रेप ६२ फ्रेम, पाय रेघेच्या आत. फ्रंट स्क्वॉट ६२.५ चे ३. जिना उतरताना गुडघा गप्प.

१३ एप्रिल

आज एक प्रश्न सुटला. जमिनीवरून बार गुडघ्यापर्यंत आणताना मी हिसका देत होते. जोरात उचललं की वेग मिळेल असा माझा समज. ताईंनी एक सेट बार गुडघ्याशी दोन सेकंद थांबवून करायला लावला. थांबल्यावर सुद्धा बार आधीइतकाच वर गेला. म्हणजे तो हिसका काही देत नव्हता, उलट त्याने मी चवड्यावर फेकली जात होते आणि पुढची सगळी उडी पुढे जात होती. आता गुडघ्यापर्यंत सावकाश, पूर्ण तळवा जमिनीला, पाठीचा कोन न बदलता. गुडघ्याच्या वर आल्यावर घाई. नडग्यांवरच्या ओरखड्यांची संख्याही याच आठवड्यात कमी झाली.

जी मुलगी धावून उडी मारते तिला हे समजायला सोपं जाईल: शेवटची दोन पावलं वेगात असतात, पहिली नाही.

२७ एप्रिल

हलक्या आठवड्यानंतर: १४० फ्रेम, ४१.७.

सामने सुरू झाले. तीनाचे दोन दिवस केले. सामन्याच्या आदल्या दिवशी क्लीन ४० किलो, २ रेपचे ४ सेट, वीस मिनिटांत बाहेर. स्क्वॉट सामन्याच्या किमान तीन दिवस आधी. एकदा दोन दिवस आधी केला आणि पहिल्या सेटमध्ये पाय लाकडाचे झाले होते, ती चूक पुन्हा केली नाही.

९ मे

पॉवर स्नॅच ३७.५. दोनदा पुढे पडला, तिसऱ्यांदा आला. ३५ वरच थांबायला हवं होतं, कारण त्या दोन पडलेल्या रेपमध्ये मी पुन्हा चवड्यावर गेले होते. आकड्याची ओढ अजून आहे. लिहून ठेवते, कारण ती ९ मार्चनंतर गेली असं मला वाटलं होतं.

१६ मे

पॉवर क्लीन ५२.५. मार्चमधलंच वजन. ६३ फ्रेम. पाय रेघेच्या आत, कोपरं बार येण्याआधी पुढे. पाहायला कुणी नव्हतं, कॅमेरा होता. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले. मार्चच्या व्हिडिओत बार माझ्याकडे येण्याआधी मी खाली कोसळते. आजच्यात मी पूर्ण ताठ होते, मग खाली जाते. फरक काही शतांश सेकंदांचा आहे. डोळ्यांना तो दिसतच नाही, फ्रेम मोजल्याशिवाय मला तो कधीच सापडला नसता.

यापुढे ५५ लावून बघावं असं फार वाटलं. लावलं नाही.

२३ मे

फ्रंट स्क्वॉट ६७.५ चे ३. फेब्रुवारीत हेच ५० होतं. माझं वजन ६५.

२५ मे

शेवटची चाचणी, जानेवारीसारखीच. तीच जागा, फोन त्याच जागी, तीन उड्या, मधली: १४२ फ्रेम. ४२.९ सेंटिमीटर. ३७.७ पासून ५.२ वर. धावत येऊन शिवलेली उंची २.७४, म्हणजे ६ सेंटिमीटर जास्त.

करणाऱ्यांसाठी हिशेब: एकूण ५४ सत्रं, त्यातली ६ वाया (तीन चुकीच्या बारची, तीन पाठ ताणण्यात गेलेली). दोन रविवार सुतारकाम. मार्चचा पहिला आठवडा आणि त्याआधीचे दोन आकड्यांमागे गेले. त्या तीन आठवड्यांत शिकलेलं चुकीचं उतरणं मोडायला पुढचे पाच आठवडे लागले. ताईंनी एप्रिलच्या शेवटी सांगितलं की त्यांना ते फेब्रुवारीतच दिसत होतं. पण मी रविवारी हलकं करून दाखवायचे आणि शुक्रवारी जड एकटीच. जड दिवसाचे व्हिडिओ आधीपासून त्यांना पाठवले असते तर वेळ वाचला असता. शिकवणाऱ्याला आपला सर्वांत वाईट सेट दाखवा.

जर्क (बार खांद्यांवरून डोक्यावर ढकलणं) अजून आलेला नाही. उद्यापासून रिकाम्या बारवर सुरू करतेय.

३१ मे

काल सामना पाच सेट चालला, हरलो, १३-१५. संपल्यावर बाकीच्या पाणी प्यायला गेल्या आणि मी फोन जमिनीवर ठेवला.

१३५ फ्रेम. ३८.८. जानेवारीत ताज्या पायांनी ३७.७ होतं.